बास मासेमारीसाठी परवडणारा रॉड आणि रीळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी घरांत एखाद्या उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच, "तळ्यावर मासे पकडायला जायचं, तर काय काय घ्यावं लागेल?" मी न्यू जर्सीत राहतो आणि इथल्या तळ्यांवर बासच्या मागे असतो. दुकानात शिरलं की भिंतभर रॉड आणि काचेखाली ओळीने रिळं दिसतात. किमती २० डॉलरपासून सुरू होतात आणि ५०० च्याही पुढे जातात. नवख्या माणसाने खालच्या किमतीतलं, पण नीट पारखलेलं सामान घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. पुढची उत्तरं त्याच मताने लिहिली आहेत. किमती साधारण दिल्या आहेत, दुकान आणि सेलप्रमाणे थोड्या इकडेतिकडे होतील.

सगळं वाचायला वेळ नाही. एकच जोडी सांगा.

साडेसहा किंवा सात फुटांचा स्पिनिंग रॉड, पॉवर मीडियम, ॲक्शन फास्ट (या शब्दांचा अर्थ पुढे येईल). त्यावर २५०० साइझचं स्पिनिंग रीळ. रिळावर ८ किंवा १० पाउंडाचा ताण सोसणारी मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनची एकेरी दोरी. सगळं मिळून ७० ते १०० डॉलरमध्ये बसतं. या एका जोडीवर प्लास्टिकचं गांडूळ, छोटं स्पिनरबेट (फिरत्या चमकदार पात्याचं आमिष), छोटं क्रँकबेट (लहान माशाच्या आकाराचं कडक आमिष), अगदी खरं गांडूळसुद्धा टाकता येतं. बास नाही लागला, तर ब्लूगिल, पर्च, क्रॅपी असलं काहीतरी लागतं आणि मुलं खूश होतात.

बास म्हणजे नेमका कोणता मासा? त्याचा रॉडशी काय संबंध?

संबंध आहे, म्हणून आधी मासा समजून घ्या. गोड्या पाण्यात 'बास फिशिंग' म्हटलं की लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ हे दोन मासे समजायचे. लार्जमाउथ हिरवट, अंगावर आडवा काळा पट्टा, तोंड मिटलं की जबड्याचं टोक डोळ्याच्या मागे जातं. तो पाणवेलीत, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत, धक्क्यांच्या सावलीत दबा धरून बसतो. स्मॉलमाउथ तपकिरी, त्याला खडकाळ तळ आणि थोडं थंड, स्वच्छ पाणी आवडतं. समुद्रात आणि हडसन नदीत मिळणारा स्ट्राइप्ड बास वेगळा. त्याच्यासाठी सामान बरंच दणकट लागतं, त्यामुळे इथे त्याचा विचार केलेला नाही.

आपल्याला मिळणारा बास बहुतेक वेळा १ ते ३ पाउंडांचा असतो. पाच पाउंडांचा मिळाला तर फोटो घरी भारतात पाठवावा इतका मोठा. तो लांब पळत सुटत नाही. गळ लागला की सरळ जवळच्या झाडोऱ्यात शिरतो किंवा पाण्याबाहेर उसळी मारून डोकं झटकतो. म्हणून शेकडो यार्ड दोरी मावणारं मोठं रीळ नको. हवा तो त्याला पहिल्या दोन-तीन सेकंदांत झाडोऱ्यापासून वळवणारा रॉड.

महागड्या सामानाशिवाय मोठा मासा मिळतो का?

लार्जमाउथचा जागतिक विक्रम २२ पाउंड ४ औंसांचा आहे. तो मासा जॉर्ज पेरी नावाच्या तरुणाने २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातल्या माँटगोमरी लेकमध्ये पकडला. महामंदीचे दिवस होते. पेरी आणि त्याच्या मित्रात मिळून एकच रॉड होता, असं सांगतात. मासा घरी नेऊन कुटुंबाने खाल्ला. पुढे २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याच तोडीचा मासा पकडला आणि आता विक्रम दोघांच्या नावावर आहे.

१९३२ सालचं रीळ आणि आजचं ४० डॉलरचं रीळ शेजारी ठेवलं, तर आजचं स्वस्त रीळ कितीतरी सरस ठरेल. मासा कुठे असेल हे ओळखता येणं आणि पहाटे पाण्यावर हजर असणं, या दोन गोष्टी पैशांनी विकत मिळत नाहीत.

स्पिनिंग, बेटकास्टिंग आणि स्पिनकास्ट यांत फरक काय?

स्पिनिंग रीळ रॉडच्या खाली लटकतं. फेकताना त्याचा स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली चकरी, फिरत नाही. तारेची कमान, म्हणजे बेल, उघडली की दोरी वेटोळ्यांनी सुटत जाते. हलकं ल्युअरही (कृत्रिम आमिष) दूर जातं आणि अर्ध्या तासात कोणालाही जमतं.

बेटकास्टिंग रीळ रॉडच्या वर बसतं आणि फेकताना स्पूल स्वतः फिरतो. जाड दोरी आणि जड ल्युअरसाठी ते उत्तम, नेमही अचूक लागतो. पण स्पूलचा वेग अंगठ्याने आवरावा लागतो.

स्पिनकास्ट म्हणजे पुढे झाकण आणि मागे अंगठ्याचं बटण असलेलं रीळ. झेबको हे नाव यात सर्वांत जुनं आणि ओळखीचं. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात तेलविहिरींसाठी स्फोटकं बनवणाऱ्या 'झिरो अवर बॉम्ब कंपनी'ने १९४९ मध्ये पहिलं रीळ विकायला काढलं आणि त्याच नावाचं छोटं रूप म्हणजे झेबको. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी हे रीळ छान. मोठ्या माणसाने मात्र सरळ स्पिनिंग घ्यावं.

स्पर्धेतले लोक बेटकास्टर वापरतात. मीही तेच का घेऊ नये?

घ्या, पण पहिलं म्हणून नको, आणि ४० डॉलरचं तर मुळीच नको. स्वस्त स्पिनिंग रीळ आणि महाग स्पिनिंग रीळ यांत फरक असतो, पण स्वस्तातलं काम करतं. बेटकास्टरचं तसं नाही. त्यातला ब्रेक ढिसाळ असेल तर ल्युअर हवेत मंदावतं आणि स्पूल मात्र गरगरत राहतो. मग पतंगाच्या मांज्याचा होतो तसा गुंता रिळातच होतो. तो सोडवण्यात पहाटेचा सर्वांत चांगला अर्धा तास जातो. नवशिके इथेच वैतागून सामान गराजमध्ये टाकतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे आणि वाईट वाटतं.

८० ते १०० डॉलरच्या आसपास ब्रेक भरवशाचे होतात. शिमानोचं एसएलएक्स किंवा ल्यूजची मधल्या किमतीतली रिळं या टप्प्यात येतात. अबू गार्सियाचं ब्लॅक मॅक्स त्याहून स्वस्त आहे आणि शिकायला चालतं, पण थोडा धीर धरावा लागतो.

बेटकास्टर घेतलंच, तर गुंता न होता फेकायचं कसं?

फेकण्याआधी रीळ जुळवून घ्या. ल्युअर बांधा, रॉडचं टोक पुढे थोडं वर धरा, अंगठ्याने स्पूल दाबून बटण सोडा आणि मग अंगठा उचला. ल्युअर आपल्या वजनाने सावकाश खाली उतरलं पाहिजे आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबला पाहिजे. धपकन पडत असेल तर हँडलच्या बाजूची छोटी गोल कळ घट्ट करा. हलतच नसेल तर सैल करा. दुसऱ्या बाजूला ब्रेकची चकती असते. ती सुरुवातीला जवळजवळ पूर्ण ठेवा. अंतर कमी पडेल, पडू द्या. हात बसला की एकेक घर कमी करत जा. ल्युअर बदललं की वजन बदलतं, म्हणून हीच तपासणी पुन्हा करायची. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून तर शिकूच नये.

सराव मागच्या अंगणात गवतावर करा. गळ काढून टाका आणि अर्ध्या औंसाचं वजन बांधा.

रॉडवर छापलेले आकडे कसे वाचायचे?

मुठीच्या थोडं वर बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं. समजा, तिथे लांबी ६ फूट ६ इंच, पॉवर मीडियम, दोरी ८ ते १४ पाउंड आणि ल्युअर १/४ ते ५/८ औंस असं लिहिलं आहे. यातला ल्युअरच्या वजनाचा आकडा मी सर्वांत आधी वाचतो. तुम्ही १/८ औंसाचं हलकं ल्युअर टाकणार असाल, तर हा रॉड वाकणारच नाही आणि न वाकलेला रॉड ल्युअर दूर फेकत नाही. उलट एक औंसाचं जड ल्युअर जोरात फेकलं तर टोक मोडू शकतं.

पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट ॲक्शनचा रॉड टोकाकडच्या भागात वाकतो, खालचा भाग ताठ राहतो. त्यामुळे माशाने हळूच तोंड लावलेलं हाताला कळतं आणि गळ झटक्यात रुततो. मॉडरेट ॲक्शनचा रॉड मध्यापर्यंत वाकतो. क्रँकबेटसारख्या बारीक तिहेरी गळांच्या ल्युअरला तो चांगला, कारण झटका मऊ बसतो आणि गळ माशाच्या तोंडातून निसटत नाही.

सुरुवातीला मीडियम पॉवर आणि फास्ट ॲक्शन एवढं पुरे. पाणवेलीने भरलेल्या तळ्यावर जास्त जाणार असाल तर मीडियम हेवीचा विचार करा.

ग्रॅफाइट घेऊ की फायबरग्लास?

ग्रॅफाइट हलका आणि संवेदनशील, पण ठोकर सहन करत नाही. गाडीच्या दारात चेपला की संपला. फायबरग्लास जड, जरा मंद, पण चिवट. दोन्हींचं मिश्रण असलेले रॉड मधला मार्ग काढतात. शेक्सपिअर कंपनीचा अग्ली स्टिक १९७६ पासून याच चिवटपणासाठी ओळखला जातो. त्यातला जीएक्स२ हा प्रकार ४० ते ६० डॉलरमध्ये मिळतो. तो हाताला थोडा जड लागतो, टोक जरा मऊ वाटतं. पण मुलं, कुत्रा, गाडीची डिकी आणि काठावरचे दगड या सगळ्यांतून तो टिकतो. घरात एकच रॉड असणार असेल तर मी हाच घ्यायला सांगतो.

फक्त बोटांना जास्त कळावं अशी इच्छा असेल, तर त्याच किमतीत अबू गार्सियाचा व्हेंजन्ससारखा ग्रॅफाइट रॉड घ्या आणि जपून वापरा.

एकसंध रॉड चांगला की दोन तुकड्यांचा?

गाडी छोटी असेल, अपार्टमेंटमध्ये राहत असाल, तर दोन तुकड्यांचा. नवख्याला फरक जाणवणार नाही. जोड मात्र घट्ट बसवा आणि दर तासाभराने हाताने तपासा. सैल जोडावरच रॉड मोडतो.

रिळाच्या खोक्यावर '१०+१ बेअरिंग' लिहिलंय. जास्त बेअरिंग म्हणजे चांगलं?

नाही. या एका आकड्याने सर्वांत जास्त गिऱ्हाइकं फसतात. दहा हलक्या दर्जाच्या बेअरिंगपेक्षा चार चांगली कधीही बरी. दुकानात रीळ हातात घ्या आणि सावकाश फिरवा. कुठे अडकतं का, खरखर येते का, हँडल बाजूला हलतं का, हे बघा. हँडल फिरवणं थांबवून ते उलट दिशेला ढकला. ते मागे जायला नको. बेल उघडा आणि बंद करा, खट्ट असा नेमका आवाज यायला हवा. मग आतले गिअर, धातूचं अंग वगैरे गोष्टींकडे वळा.

ड्रॅग म्हणजे काय? त्याला इतकं महत्त्व का?

मासा जोरात ओढू लागला की दोरी तुटण्याआधी रिळाने ती हळूहळू सोडली पाहिजे. ती सोडणारी यंत्रणा म्हणजे ड्रॅग. स्पिनिंग रिळात स्पूलच्या डोक्यावर जी कळ असते, ती त्याचीच.

स्वस्त आणि फालतू रीळ ओळखायची माझी हीच कसोटी आहे. ड्रॅग अर्धवट सैल करून दोरी हाताने ओढायची. चांगल्या रिळातून ती सलग, एकसारखी सुटते. वाईट रिळातून आधी अडते आणि मग झटक्याने सुटते. बास उसळी मारतो तेव्हा त्या अडण्याच्या क्षणीच दोरी तुटते किंवा गळ निसटतो. खोक्यावर कमाल ड्रॅग २० पाउंड लिहिलेला असतो, त्याकडे लक्ष देऊ नका. १० पाउंडाच्या दोरीवर आपण अडीच-तीन पाउंडाच्या पुढे ड्रॅग लावतच नाही.

दोरीच्या ताकदीच्या चौथा ते तिसरा हिस्सा, हा हिशोब लक्षात ठेवा. सामान तोलायचा छोटा स्प्रिंगकाटा घरी असेल तर दोरीचं टोक त्याला बांधून एकदा मोजून पाहा. एकदा मोजलं की पुढे हाताला अंदाज येतो.

गिअर रेशो किती असावा?

स्पिनिंगला ५.२:१ ते ६.२:१, बेटकास्टरला ६.३:१ ते ७.१:१. म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात रोटर (स्पिनिंग रिळात स्पूलभोवती फिरणारा भाग) किंवा बेटकास्टरचा स्पूल तितके वेळा फिरतो. यापुढे डोकं शिणवू नका.

रॉड आणि रीळ एकत्र घेऊ की वेगवेगळं?

तयार जोडी स्वस्त पडते, पण त्यात बहुधा रॉड बरा आणि रीळ सुमार असतं. ६० डॉलरच्या आत बजेट असेल तर जोडीच घ्या. अग्ली स्टिकची जोडी त्या किमतीत ठीक आहे. ९०-१०० डॉलर काढता येत असतील तर ४० चा रॉड आणि ५०-६० चं रीळ वेगळं निवडा. फ्लुगर प्रेसिडेंट हे रीळ या टप्प्यात कित्येक वर्षं लोकांचं आवडतं आहे आणि ते कारणाशिवाय नाही. ड्रॅग गुळगुळीत, वजन कमी. शिमानोचं सिएना त्याहून स्वस्त आणि साध्या कामाला पुरेसं.

खर्च कुठे जास्त करायचा, असं विचाराल तर स्पिनिंगमध्ये रिळावर. बेटकास्टिंगमध्ये तर नक्कीच रिळावर.

दोरी कोणती घ्यावी?

मोनोफिलामेंट म्हणजे आपल्या कोकणातला तंगूसच. स्वस्त, गाठ चांगली धरते, थोडी ताणली जाते म्हणून नवशिक्याच्या घाईला माफ करते. फ्लोरोकार्बन पाण्यात बुडते, कमी दिसते, पण ताठ आणि महाग. ब्रेड म्हणजे विणलेली दोरी, अतिशय बारीक आणि मजबूत, जराही ताणली जात नाही, पण पाण्यात दिसते आणि रॉडवरच्या, दोरी जिथून जाते त्या स्वस्त कड्यांना कधीकधी कापते.

पहिल्या वर्षी मोनो. दुसऱ्या वर्षी हवं तर १० किंवा १५ पाउंडाची ब्रेड आणि पुढे सहा-सात फूट फ्लोरोकार्बन.

दोरी भरताना काळजी घ्या. स्पूल काठोकाठ भरू नका, कडेपासून साधारण आठवा भाग इंच मोकळा ठेवा. जास्त भरली तर वेटोळी एकदम उडतात, कमी भरली तर अंतर पडत नाही. दोरी फेकल्यावर बेल हँडलने बंद न करता हाताने बंद करा आणि दोरीला एक हलका ताण द्या. एवढ्या सवयीने स्पिनिंग रिळातला निम्मा गुंता होतच नाही. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, नाहीतर घर्षणाने दोरी तिथेच कमजोर होते. पॅलोमार गाठ शिका. सोपी आहे आणि तिन्ही दोऱ्यांवर धरते.

वापरलेलं सामान घ्यावं का?

जरूर. इथे लोक घर बदलताना, छंद सोडताना चांगले रॉड अर्ध्या किमतीत काढून टाकतात. गराज सेलमध्ये किंवा ऑनलाइन सापडतात. फक्त हातात घेऊन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

कानात घालायची कापसाची काडी सोबत न्या. प्रत्येक कडीच्या आतून ती फिरवा. कापसाचा एखादा धागा अडकला, तर त्या कडीला चीर आहे आणि ती दोरी कापणार. टोकाची कडी नीट बघा, तीच सर्वांत आधी जाते. मग टोक बोटाने हलकेच वाकवून रॉडच्या अंगावर कुठे पांढरी रेघ किंवा खड्डा दिसतो का ते पाहा. ग्रॅफाइटवरचा छोटा खड्डा म्हणजे उद्याचा मोडलेला रॉड. रिळात ड्रॅगची कसोटी वर दिली आहे तीच. बेलच्या टोकाला दोरी जिथून वळते, ती बारीक चकती फिरते का हेही पाहा. ती जाम असेल तर तेलाचा एक थेंब पुरतो, पण तिच्यावर घळ पडली असेल तर भाव कमी करा.

खरेदी कुठे आणि कधी करावी?

पहिला रॉड हातात घेऊनच घ्या. वॉलमार्ट, डिक्स, किंवा बास प्रो शॉप्स. या शेवटच्या दुकानाची सुरुवात १९७२ मध्ये मिझुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये जॉनी मॉरिस यांनी वडिलांच्या मद्याच्या दुकानातल्या एका कोपऱ्यात केली होती. आज ते दुकान म्हणजे एक सहलच असते, आत मोठ्या टाकीत बास पोहताना दिसतात. मुलांना घेऊन जा. गावातलं छोटं आमिषांचं दुकानही विसरू नका. तिथला माणूस दोन डॉलरची गांडुळं विकताना कोणत्या तळ्यात काय चाललंय ते सांगून जातो, आणि ती माहिती ५० डॉलरच्या ल्युअरपेक्षा मोलाची.

सेल वसंताच्या तोंडावर, फादर्स डेच्या आसपास आणि नोव्हेंबरात लागतात. थंडीत मागच्या वर्षीची मॉडेलं उतरतात, तेव्हा घेतलेली बरी.

एकही डॉलर खर्च करायचा नसेल, तर उसने रॉड मिळतात का ते चौकशी करा. टेक्सासमध्ये राज्याच्या उद्यान विभागाची अशी योजना आहे, इतरही काही राज्यांत उद्यानं आणि ग्रंथालयं पुस्तकासारखे रॉड देतात.

आणि एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९५० च्या डिंगल-जॉन्सन कायद्यापासून इथे मासेमारीच्या सामानावर उत्पादकाकडून १० टक्के कर घेतला जातो. तो पैसा राज्यांना मासे, पाणी आणि धक्के सांभाळायला मिळतो. तुमच्या ४० डॉलरच्या रॉडमधूनही तळ्याला काहीतरी जातं.

ल्युअरवर किती खर्च करू?

पहिल्या मोसमात २० डॉलर. पाच इंची मऊ प्लास्टिकच्या काड्यांचं एक पाकीट, ज्यांना सेंको म्हणतात त्या किंवा त्यासारख्या. काडीच्या मधोमध गळ टोचून वजनाशिवाय पाण्यात टाका आणि तिला आपोआप बुडू द्या. खाली जाताना तिची दोन्ही टोकं थरथरतात. काही करू नका, फक्त दोरीकडे लक्ष ठेवा. दोरी बाजूला सरकू लागली की मासा आहे. वेगळं काही न शिकता बास मिळवून देणारा याहून सोपा प्रकार मला माहीत नाही. त्याच्या जोडीला टेक्सास रिगसाठी (गळाचं टोक प्लास्टिकमध्ये लपवायची पद्धत) थोडे ऑफसेट, म्हणजे मानेशी वाकवलेले गळ आणि गोळीच्या आकाराची वजनं, आणि एक पांढरं स्पिनरबेट. काही राज्यांत शिशाच्या छोट्या वजनांवर बंदी आहे, तिथे टंगस्टन किंवा स्टीलची घ्यावी लागतात.

लायसन्स लागतं का?

लागतं, आणि रॉड घेण्याआधी काढा. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. न्यू जर्सीत १६ ते ६९ वर्षांच्या माणसाला गोड्या पाण्यातल्या मासेमारीसाठी लायसन्स हवं. आणखी एक नियम इथे महत्त्वाचा. १५ एप्रिल ते १५ जून या काळात बास पकडला तर लगेच सोडावा लागतो, कारण तो अंड्यांवर असतो. नर घरट्याची राखण करतो. त्याला उचललं की ब्लूगिल काही मिनिटांत अंडी फस्त करतात. जूनमध्ये बऱ्याच राज्यांत विनालायसन्स मासेमारीचे दिवस असतात. घरच्या पाहुण्यांना त्या दिवशी घेऊन जा.

बास खाता येतो का?

येतो, मांस पांढरं आणि चवीला सौम्य असतं. पण बास इतर मासे खाऊन वाढतो, त्यामुळे त्याच्यात पारा साठतो. न्यू जर्सीत कोणत्या तळ्यातला मासा किती वेळा खावा याची सरकारी सूचना असते आणि दक्षिणेकडच्या पाइनलँड्स या जंगलपट्ट्यातल्या तळ्यांसाठी ती जास्त कडक आहे. गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्यासाठी तर वेगळीच. मी बास सोडून देतो आणि कालवणाला बाजारातून मासे आणतो.

हाच रॉड भारतात नेला तर उपयोग होईल का?

होईल, आणि चांगला होईल. मीडियम हेवी पॉवरचा बासचा रॉड महाराष्ट्रात मरळीला अगदी योग्य. मरळही लार्जमाउथसारखीच पाणवेलीत दबा धरते आणि प्लास्टिकच्या बेडकावर तुटून पडते. तिथे ३० पाउंडांच्या पुढची ब्रेड लावा, कारण तिचे दात बारीक दोरी ठेवत नाहीत. रायगडच्या खाड्यांत जिताडा किंवा तांब गरवायचा असेल तर रीळ ३००० किंवा ४००० साइझचं लागेल आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने हलकेच धुवावं लागेल. खाऱ्या पाण्यात स्वस्त रीळ एका मोसमात गंजतं.

विमानासाठी तीन किंवा चार तुकड्यांचा प्रवासी रॉड घ्या, तो चेक-इन बॅगेत मावतो. गळ आणि ल्युअर हातातल्या बॅगेत ठेवू नका. आणि कुठल्याही धरणावर किंवा तलावावर गळ टाकण्याआधी तिथली परवानगी कोणाकडे आहे ते विचारा. बऱ्याच जलाशयांचा ठेका मच्छीमार सोसायट्यांकडे असतो आणि त्या माशावर त्यांचं पोट चालतं.

दुसरा रॉड कधी घ्यावा?

पहिल्या रॉडने जे जमत नाही ते नेमकं सांगता आलं, की घ्यावा. "पाणवेलीतून मासा ओढून काढता येत नाही" असं वाटलं तर सात फुटी मीडियम हेवी बेटकास्टर. "हलकं ल्युअर दूर जात नाही" असं वाटलं तर मीडियम लाइट स्पिनिंग. सेल लागला आहे हे कारण पुरेसं नाही.

सामान टिकावं म्हणून काय करावं?

रीळ पाण्यात बुडवू नका, नळाखाली जोराने धरू नका. ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. मोसमात एक-दोनदा बेलच्या चकतीवर आणि हँडलच्या दांड्यावर तेलाचा एकेक थेंब. ड्रॅगच्या चकत्यांवर तेल नको. मोनो दोरी दर वसंतात बदला, ती उन्हाने कमजोर होते आणि भरायला पाच-सहा डॉलरच लागतात. रॉड भिंतीला टेकवून महिनोन् महिने उभा ठेवू नका, त्याला बाक येतो. आडवा टांगा. गळ टोकाच्या कडीत अडकवून ठेवायची सवय अनेकांना असते. त्याने कडीच्या आतल्या पातळ गोलाला चीर जाते, म्हणून मुठीजवळ त्यासाठी दिलेल्या छोट्या आकड्यातच अडकवा. नोव्हेंबरात शेवटची फेरी झाली की ड्रॅगची कळ पूर्ण सैल करून रीळ आत ठेवा, म्हणजे आतल्या चकत्या दबून चिकटत नाहीत.